गोल्फच्या काठीचा दांडा : पोलादाचा कीं ग्राफाइटचा?

गेल्या मे महिन्यांतील गोष्ट. शाळेस सुट्टी होती आणि प्रयोगशाळेंतील सामानाची वार्षिक मोजदाद चालली होती. दुपारीं बाराच्या सुमारास, पांच वर्षांपूर्वीं आमच्या शाळेंतून बाहेर पडलेला एक विद्यार्थी दारांत येऊन उभा राहिला. कात्रजच्या जुन्या घाटरस्त्याच्या पायथ्याशीं त्याचें घर आहे. हातांत जुन्या चादरींत गुंडाळलेलें एक लांबट बोचकें होतें. तें त्यानें टेबलावर सोडलें, तेव्हां आंतून गोल्फच्या दोन काठ्या निघाल्या. एकीचा दांडा आरशासारखा चकचकीत व दुसरीचा काळा कुळकुळीत.

“सर, यांतली कोणती घेऊं तें सांगा,” तो म्हणाला. “एकदां पैसे दिले कीं पुन्हां दोन-तीन वर्षें तरी जमायचे नाहींत.”

हा मुलगा पहांटेच्या पहिल्या बसनें कात्रजहून येरवड्यास जातो आणि तेथील मैदानावर खेळणारांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहतो. या कामास कॅडी असें नांव आहे. वाहतां वाहतां तो खेळहि शिकला, आणि आतां व्यावसायिक खेळाडूंच्या निवड-स्पर्धेस बसावें अशी त्याची मनीषा आहे. एका गृहस्थानें पोलादी दांड्यांचा आपला जुना संच त्यास देऊं केला होता. तितक्याच किंमतींत दुसऱ्या एकाकडे ग्राफाइटच्या दांड्यांच्या, पण संख्येनें कमी, काठ्या मिळत होत्या. आठ दिवसांत होय कीं नाहीं तें सांगावयाचें होतें.

मीं जन्मांत गोल्फ खेळलेलों नाहीं. पण दांडा कशाचा असावा हा प्रश्न खेळापेक्षां पदार्थविज्ञानाचा अधिक आहे, असें वाटून मीं मोजदाद बाजूला ठेवली. पुढील आठ दिवसांत आम्हीं दोघांनीं जें वाचलें, मोजलें व तपासलें तें येथें आमच्या विद्यार्थी वाचकांपुढें ठेवीत आहें.

ज्यांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्याकरितां दोन शब्द. शेहेचाळीस ग्रॅमहूनहि किंचित् हलका असा एक चेंडू, दूरवरच्या एका लहानशा खळग्यांत शक्य तितक्या थोड्या टोल्यांत घालावयाचा, एवढाच हा खेळ. टोले जसे लांब-आंखूड तशा काठ्याहि निरनिराळ्या. पहिल्या लांब टोल्याची मोठ्या डोक्याची ड्रायव्हर, मधल्या टोल्यांच्या लोखंडी पात्याच्या ‘आयर्न’ आणि शेवटीं खळग्याशीं चेंडू हळूच ढकलण्याची पटर. आपल्या देशांत हा खेळ इंग्रजांबरोबर आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ सालचा. ब्रिटिश बेटांबाहेरील तो सर्वांत जुना समजतात. मुंबईस चेंबूरचें मैदान १९२७ चें. पुण्यांत १८८६ सालीं स्थापन झालेल्या पूना क्लबचें गोल्फचें मैदान येरवड्यास आहे. खेळ खर्चाचा, म्हणून तो आपला नव्हे असें आपण समजतों. परंतु दिल्लीस कॅडी म्हणून काम केलेल्या अली शेर यांनीं १९९१ मध्यें व पुन्हां १९९३ मध्यें इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकली, हें या मुलास तोंडपाठ होतें. २०२१ मध्यें तोक्यो येथें झालेल्या ऑलिंपिकमध्यें पुण्याचे उदयन माने खेळले, हेंहि त्यानें मला सांगितलें. तेव्हां त्याची मनीषा अगदींच वाऱ्यावरची नव्हती.

आतां दांड्याकडे वळूं. काठीचे तीन भाग. खालीं चेंडूवर आदळणारें डोकें, वर हाताची मूठ आणि मधला दांडा. डोक्याचें काम उघड दिसतें, मुठीचें हाताला कळतें. दांड्याचें मात्र लक्षांत येत नाहीं. कुदळीच्या दांड्यासारखा तो नुसता जोडणारा आहे असें प्रथम वाटतें. पण कुदळीला देखील कोणताहि दांडा चालत नाहीं. बाभळीचा दांडा टिकतो, पांगाऱ्याचा दुसऱ्या दिवशीं मोडतो, आणि नुसती लोखंडी नळी घातली तर संध्याकाळपर्यंत तळहाताला मुंग्या येतात. आमच्या बागेंत काम करणाऱ्या कोणत्याहि माणसास हें ठाऊक असतें. गोल्फच्या दांड्याचा सारा इतिहास या तीन गोष्टींचाच आहे. तो मोडूं नये, तो नको तसा वांकूं वा पिळूं नये आणि हाताला झिणझिण्या आणूं नये.

पूर्वीं दांडे लांकडी असत. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंतून येणारें हिकरी नांवाचें लांकूड सर्वांत उत्तम ठरलें. हा वृक्ष अक्रोडाच्या कुळांतला. लांकूड चिवट, झटका सोसणारें. पण दोन दोष. एक, दोन झाडांचीं लांकडें कधीं सारखीं नसतात. म्हणून दहा काठ्यांचे दांडे दहा तऱ्हेचे, आणि खेळाडूला प्रत्येकीचा स्वभाव निराळा ओळखावा लागे. दुसरा दोष पीळ. काठीचें डोकें दांड्याच्या अगदीं टोंकाशीं सरळ बसलेलें नसतें, तें एका अंगाला बाहेर आलेलें असतें. त्यामुळें जोरानें फिरवितांना दांड्याला वांक तर येतोच, शिवाय पीळहि बसतो. लांकडी दांडा बराच पिळला जाई, आणि तो नेमका चेंडूपाशीं आल्यावर सरळ व्हावा म्हणून सावकाश, लयीनें फिरविण्याची संवय करावी लागे.

पोलादी नळीचा प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच झाला होता, पण नियम करणारांस तो पसंत पडला नाहीं. अमेरिकेंत १९२० नंतरच्या दशकांत आणि स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील मुख्य संस्थेकडून १९२९ मध्यें पोलादास परवानगी मिळाली. बॉबी जोन्स या प्रख्यात खेळाडूनें १९३० सालीं त्या वर्षाच्या चारहि मोठ्या स्पर्धा जिंकल्या त्या हिकरीच्याच काठ्यांनीं. पण पुढल्याच वर्षीं बिली बर्क यानें अमेरिकेची खुली स्पर्धा पोलादी दांड्यांनीं जिंकली, आणि थोड्याच वर्षांत लांकूड मागें पडलें. पोलादाच्या नळ्या कारखान्यांत हव्या तितक्या व एकसारख्या निघत. त्यामुळें एकाच स्वभावाच्या काठ्यांचा संच प्रथमच शक्य झाला, आणि लोक हौसेनें वीस-वीस, पंचवीस-पंचवीस काठ्या बाळगूं लागले. अखेर अमेरिकेंत १९३८ मध्यें व ब्रिटनमध्यें १९३९ मध्यें चौदांची मर्यादा घालावी लागली. ती आजहि आहे. हें वाचून आमचा कॅडी म्हणाला, “तो नियम करणारा माणूस देवमाणूसच म्हणायचा!” पिशवी कोणाच्या खांद्यावर असते हें नियमांच्या पुस्तकांत लिहिलेलें नसतें.

पोलादी दांडा म्हणजे मुठीशीं सुमारें पंधरा मिलिमीटर व टोंकाशीं नऊ मिलिमीटर जाडीची पोकळ नळी. तिच्या कवचाची जाडी अर्धा मिलिमीटरसुद्धां नसते. नळी टोंकाकडे पायऱ्यापायऱ्यांनीं निमुळती होत जाते. चकचकीत दांड्यावर जीं कडीं दिसतात त्या या पायऱ्या. वजन कमी करून ताठपणा राखावयाचा तर मधला भाग काढून सारा पदार्थ कडेला न्यावा, हें तत्त्व वेळूनें मनुष्याच्या कितीतरी आधीं साधलें आहे. पुण्याच्या बुरूड आळींत एक बांबू व तितक्याच वजनाची एक भरीव काठी हातांत घेऊन वांकवून पाहावी, म्हणजे पुस्तकांतलें सूत्र हाताला कळतें.

दुसरा, काळा दांडा. त्याला ग्राफाइटचा म्हणतात खरें, पण नांव फसवें आहे. शिसपेन्सिलींतील काळी कांडी ग्राफाइटचीच असते व ती कशी पटकन् मोडते हें पहिलींतल्या मुलासहि माहीत आहे. पेन्सिलींत कार्बनच्या अणूंचे पापुद्रे एकावर एक सैल पडलेले असतात व ते सहज घसरतात, म्हणूनच कागदावर रेघ उमटते. दांड्यांत तोच कार्बन केसाहून कितीतरी बारीक अशा तंतूंच्या रूपानें असतो, आणि त्या तंतूंत पापुद्रे लांबीच्या दिशेनें ओळीनें लागलेले असतात. पापुद्र्यांत अणू एकमेकांस फार घट्ट धरून असतात, म्हणून तंतु लांबीच्या दिशेनें ओढला असतां पोलादालाहि हार जात नाहीं. एडिसननें १८७९ च्या सुमारास विजेच्या दिव्याकरितां प्रथम सुताचे व नंतर बांबूचे तंतु जाळून कार्बनचे केले होते; पण ते ठिसूळ होते. बळकट तंतु करण्याची रीत जपानांत व नंतर इंग्लंडांत फार्नबरो येथील विमान-संशोधनशाळेंत १९६० नंतरच्या दशकांत सांपडली. विमानांकरितां शोधलेली ही वस्तु गोल्फच्या दांड्यास लावण्याची कल्पना १९६९ मध्यें अमेरिकेंत फ्रँक थॉमस या अभियंत्यानें प्रत्यक्षांत आणली.

दांडा करण्याची कृति मोठी गमतीची आहे. तंतु राळेंत — एपॉक्सी नांवाच्या कृत्रिम राळेंत — भिजवून त्यांचे कागदासारखे पातळ ताव करतात. हे ताव पोळीच्या आकारांत नव्हे, लांब त्रिकोणी पट्ट्यांत कापून निमुळत्या पोलादी गजावर एकावर एक गुंडाळतात, वरून फीत घट्ट आवळतात आणि भट्टींत भाजतात. राळ कडक झाल्यावर गज ओढून काढला कीं पोकळ दांडा राहतो. सारें कौशल्य गुंडाळण्याच्या कोनांत आहे. तंतु लांबीच्या दिशेनें ठेवले तर दांडा वांकण्यास विरोध करतो. तिरपे, पंचेचाळीस अंशांनीं दोन्हीं बाजूंस ठेवले तर पिळण्यास विरोध करतो. आडवे ठेवले तर चपटा होण्यास. बांबूचे तंतु सारे उभे, म्हणून तो फार वांकत नाहीं पण उभा फाटतो. यास्तव बासरी करणारे बासरीवर जागोजाग दोरा गुंडाळतात. काळ्या दांड्यांतील आडवे-तिरपे थर म्हणजे तो बासरीचा दोराच, फक्त आंतल्या आंत.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानांत यावी. पोलाद सर्व दिशांस सारखें असतें. त्याचा दांडा कसा वागेल तें जाडी व आकार यांवर ठरतें. काळ्या दांड्याचा स्वभाव मात्र करणाराच्या हातांत असतो. टोंकाशीं मऊ व वर ताठ, किंवा वांकण्यास मऊ पण पिळण्यास ताठ, असें त्याला हवें तसें करतां येतें. म्हणून ‘ग्राफाइट असें असतें’ हें विधानच पुरतें खरें नाहीं. स्वस्त काळा दांडा व उत्तम काळा दांडा यांत जें अंतर आहे, तितकें दोन पोलादी दांड्यांत क्वचितच सांपडतें.

एवढें वाचून झाल्यावर आम्ही प्रयोगाकडे वळलों. प्रथम वजन. दोन्हीं काठ्या एकाच क्रमांकाच्या, म्हणजे सात क्रमांकाच्या आयर्न होत्या. शाळेच्या काट्यावर काळी काठी सुमारें पन्नास ग्रॅम हलकी भरली. हा फरक बहुतेक सारा दांड्याचा. पोलादाची घनता पाण्याच्या पावणेआठपट, तर कार्बन व राळ यांच्या मिश्रणाची सुमारें दीडपट. बाजारांतील पोलादी दांडे साधारणतः ९० ते १३० ग्रॅम आणि ग्राफाइटचे ५० ते ८० ग्रॅम असतात. याहून हलके व भारीहि मिळतात. पटर सोडून तेरा काठ्या धरल्या तर पिशवी अर्ध्या किलोहून अधिक हलकी होते. अठरा खळग्यांची फेरी म्हणजे सात-आठ किलोमीटर चाल. हा हिशेब मुलाला तोंडीं करतां आला.

मग वांक. सुतारकामाच्या वर्गांतील शिकंज्यांत काठीची मूठ पक्की धरली, डोक्याशीं अर्ध्या किलोचें वजन टांगलें आणि टोंक किती खालीं येतें तें पट्टीवर वाचलें. येथें आम्हांस चमत्कार दिसला. दांड्यांवर ताठपणाचीं अक्षरें छापलेलीं असतात. ‘आर’ म्हणजे साधारण, ‘एस’ म्हणजे ताठ, ‘एक्स’ म्हणजे फार ताठ, इत्यादि. आमच्या पोलादी काठीवर ‘आर’ व काळीवर ‘एस’ होतें. पण पट्टीवर काळीच अधिक वांकली. वजन बदलून, मूठ पुन्हां आवळून आम्हीं तीनदां पाहिलें, तरी तेंच. पुढें वाचनांत उलगडा झाला कीं या अक्षरांना सर्व कारखान्यांत मिळून एक ठरीव माप असें नाहींच. एकाचा ‘एस’ दुसऱ्याचा ‘आर’ असूं शकतो. आमच्या मुलानें ‘एस’ पाहूनच काळी काठी निम्मीअधिक पसंत केली होती. केवळ अक्षर वाचून दांडा विकत घेणें म्हणजे डब्यावरचें नांव वाचून तूप घेणें होय.

तिसरा प्रयोग कंपनाचा. तशीच काठी धरून टोंक ओढून सोडलें आणि मोबाईलच्या कॅमेऱ्यानें मंदगति चित्रण घेऊन एका मिनिटांत किती हेलकावे होतात तें मोजलें. ताठ दांडा जलद हलतो, मऊ सावकाश. दांडे जुळविणारे कारागीरहि हेंच माप घेतात, आणि अक्षरापेक्षां तें पुष्कळ प्रामाणिक आहे. याच वेळीं आणखी एक गोष्ट कानांना व हातांना कळली. पोलादी दांड्यावर नाणें आपटलें असतां तो टणकन् वाजून घुमत राहतो. काळा दांडा ‘टप्’ असा आवाज करून गप्प बसतो. तंतु व राळ यांच्या घर्षणांत कंपनाची शक्ति लवकर जिरते. चेंडू पात्याच्या मध्यावर न बसतां कडेला लागला कीं पोलादी दांड्यांतून हाताला जो चटका बसतो, तो काळ्या दांड्यांत बोथट होतो. यालाच कोणी गुण म्हणतात, कोणी अवगुण. चांगला खेळाडू म्हणतो, चूक झालेली हाताला कळलीच पाहिजे. हात दुखणारा म्हणतो, मला कळलें तेवढें पुरे.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. दांडा चेंडूला ‘ढकलतो’ असें पुष्कळांना वाटतें. चेंडू व पातें यांचा स्पर्श सेकंदाचा सुमारें दोन-हजारावा भाग टिकतो. तेवढ्या अवधींत काठीचें डोकें जेमतेम दोन सेंटिमीटर पुढें सरकतें, आणि धक्क्याची लहर दांड्यांतून हातापर्यंत जाऊन परत येण्याच्या आंतच चेंडू निघून गेलेला असतो. अलास्टर कॉक्रन व जॉन स्टॉब्स यांनीं १९६८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ब्रिटिश संशोधनांत हीच गोष्ट मांडली आहे. त्या क्षणीं डोकें जणूं दांड्यापासून सुटें असल्याप्रमाणें वागतें. तेव्हां हाताला जें कळतें तें होऊन गेलेल्या टोल्याचें वर्तमान; त्यानें त्या टोल्यांत कांहीं बदल होत नाहीं. दांड्याचें खरें काम त्या आधींचें. डोकें चेंडूपाशीं किती वेगानें, कोणत्या तोंडानें व किती कललेलें येतें, यांत त्याचा वाटा. मऊ दांडा अखेरच्या क्षणीं किंचित् पुढें वांकलेला असतो, म्हणून त्यानें चेंडू थोडा अधिक उंच जातो.

मग हलक्या दांड्यानें चेंडू लांब जातो हें खरें कीं खोटें? थोडें खरें. पन्नास ग्रॅम वांचले ते दांड्याच्या साऱ्या लांबींतून वांचले. त्यांतले मुठीजवळचे ग्रॅम तर फिरतच नाहींत म्हटलें तरी चालेल. त्यामुळें वेगांत पडणारी भर लहानच असते. जाहिरातींत जी मोठी वाढ दिसते तिचें एक कारण असें कीं हलका दांडा कारखानदार बहुधा अर्धा इंच लांब ठेवतात. आमच्याहि दोन काठ्यांत काळी तेवढीच लांब निघाली. लांब काठीनें वेग वाढतो, पण नेमकेपणा कमी होतो. लांब टोल्याच्या ड्रायव्हरला हा सौदा परवडतो, कारण तेथें पुढें मोकळें मैदान असतें. आयर्न ही नेमक्या ठिकाणीं चेंडू टाकण्याची काठी. तेथें वीस हात लांब गेला काय नि वीस हात मागें पडला काय, दोन्हीं सारखेंच वाईट. म्हणूनच आज व्यावसायिक खेळाडूंत ड्रायव्हरला बहुतेक सर्व ग्राफाइट वापरतात आणि आयर्नला बहुसंख्य अजून पोलादच.

इतकें झाल्यावर उत्तर सोपें होतें, असें मला वाटलें. पण तिसऱ्या दिवशीं शिकंजा आवळतांना मुलानें उजवा हात झटकला. विचारतां विचारतां कळलें कीं दोन महिन्यांपासून त्याचें कोपर आंतल्या बाजूनें दुखत होतें व तें त्यानें घरीं कोणाला सांगितलें नव्हतें. या दुखण्यास गोल्फरचें कोपर असेंच नांव आहे. मनगट वळविणारे स्नायु कोपराच्या आंतल्या हाडाला जेथें जोडलेले असतात तेथें वारंवार ताण बसून तें होतें. मग प्रश्नाची सारी मांडणीच बदलली. हात गेला तर काठी कशाची याला काय अर्थ?

त्याच्या सरावाची जागा पाहावयास मी मुद्दाम गेलों. घराच्या मागें उतारावर मुरमाची एक सपाट पट्टी आहे; वर कात्रजचा डोंगर, खालीं तलावाच्या बाजूची झाडी. उन्हाळ्यांत ती जमीन जात्याच्या तळीसारखी होते. आयर्नचा टोला चेंडूनंतर जमिनीला घासून जातो. हिरवळीवर तेथें गवताचा तुकडा निघतो, मुरमावर ठिणगी. रोज असे दोनशे टोले. हा मार दांड्याचा नव्हे, जमिनीचा. काळ्या दांड्यानें तो कांहींसा बोथट झाला असता, बरा झाला नसता. मीं त्याला प्रथम दवाखान्यांत धाडलें. डॉक्टरांनीं तीन आठवडे विश्रांति, मग हळूहळू व्यायाम व टोल्यांची संख्या निम्मी असें सांगितलें. मुरमावर आम्हीं लाल मातीचा व शेणखताचा जाड थर पसरून पाण्याची नळी सोडली. जुलैपर्यंत हरळी धरली.

जुन्या काठ्या घेणारांसाठीं आणखी थोडें सांगतों, कारण यांतच पैसे बुडतात. पोलादी दांडा आपले दोष लपवीत नाहीं. वांकला असेल तर सुतार फळी पाहतो तसा एक डोळा मिटून लांबीनें पाहिल्यास दिसतो. गंज मुलाम्याखालून फोड होऊन वर येतो. पावसाळ्यांत ओल्या पिशवींत ठेवलेल्या काठीची मूठ काढून आंतहि पाहावें, कारण नळी आंतून गंजते. काळा दांडा गंजत नाहीं. पण पिशवीच्या धातूच्या कडेवर घांसून त्याचे वरचे तंतु कापले गेले असतील तर तो बाहेरून धड दिसत असतां एके दिवशीं अकस्मात् तुटतो. बोटाचें नख लांबीभर फिरवून खांच लागते का पाहावें, हलकेंच पिळून करकर ऐकूं येते का पाहावें, आणि डोक्याजवळच्या वीतभर भागाकडे विशेष लक्ष द्यावें.

या मुलानें गेल्या वर्षीं अशीच एक काळी काठी घेतली होती. डोकें सैल झालें म्हणून त्यानें ती एका कारखान्यांत नेली. तेथल्या माणसानें, पोलादी काठीचें डोकें काढतात तसें, गॅसच्या ज्योतीनें तापवून ओढलें. पोलादाला त्या आंचेनें कांहीं होत नाहीं. येथें मात्र राळ जळाली आणि दांड्याचें टोंक जुन्या केरसुणीसारखें पिंजलें. डोकें निघालें, दांडा गेला. काळ्या दांड्यावरून डोकें काढावयाचें तर उष्णता बेतानें व फक्त धातूला लागेल अशी द्यावी लागते आणि न पिळतां सरळ ओढावें लागतें. त्याकरितां निराळें यंत्र असतें. तो जळका दांडा आम्हीं करवतीनें आडवा कापला. भिंगाखालीं त्याचे थर झाडाच्या वर्षवलयांसारखे मोजतां आले. आतां तो प्रयोगशाळेच्या कपाटांत बांबूच्या पेराशेजारीं ठेवला आहे. नववीच्या मुलांनीं अवश्य पाहावा.

मग अखेर त्यानें काय घेतलें? पोलादी संचांतल्या काठ्या आम्हीं एकामागून एक शिकंज्यांत धरून मोजल्या. एक सोडून बाकीच्यांचे हेलकावे क्रमानें वाढत गेले. आंखूड काठी अधिक ताठ असावयास हवी, तशा त्या होत्या. दांडेहि पोलादांतल्या हलक्या जातीचे, शंभर ग्रॅमच्या आंतले, असल्याचें त्यांवरील पट्टीवरून कळलें. काळ्या काठ्या मात्र तीन निरनिराळ्या संचांतून गोळा केलेल्या निघाल्या. त्यांच्या मापांत कसलाच मेळ नव्हता. हिकरीच्या काळचा दोष त्यांत नव्या रूपानें आला होता. त्यानें पोलादी आयर्न घेतल्या, क्रमांत न बसणारी एक परत केली, आणि तिच्या वजा झालेल्या पैशांत थोडी भर घालून ग्राफाइटच्या दांड्याची एक वापरलेली ड्रायव्हर घेतली. तीहि नख फिरवून, नाणें वाजवून व शिकंज्यांत मोजून.

कोपर बरें झाल्यावर त्याचें पुन्हां दुखूं लागलें तर आयर्नचे दांडे बदलावे लागतील, हें त्याला ठाऊक आहे. त्याकरितां दर महिन्यास थोडे पैसे बाजूला टाकावेत असें ठरलें आहे. निवड-स्पर्धेचा अर्ज त्यानें भरला. परवां तो शाळेंत आला तेव्हां सरावाच्या पट्टीवरील हरळीचा एक गड्डा बरोबर घेऊन आला होता; आमच्या बागेच्या कोंपऱ्यांत लावून गेला.